चन्नवीरअण्णांची चकती

चन्नवीर हत्तुरे यांच्याबद्दल मला एकच ओळ लिहून द्यायची होती. ती दिली नाही, आणि आता पानंच्या पानं लिहीत बसलोय. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला हा प्रकार. वाचणाऱ्याने माझी कीव करू नये. करायची तर त्यांची करावी, आणि तीही त्यांना कळू न देता, कारण कीव त्यांना खपत नाही.

मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. नाव सुबोध, नावाआधी डॉक्टर. माझा विषय आहे तेलाच्या फवाऱ्याचं जळणं. बर्नरच्या नोझलमधून तेल बारीक थेंबांनी उडतं, मागून पंख्याची हवा येते, त्या हवेत लहानमोठे भोवरे असतात, आणि त्या घुसळणीत थेंबांचं काय होतं, हे शोधायचं. पाच वर्षं मी हे संगणकावर शोधत होतो. रंगीत चित्रं फार सुंदर यायची. पेटलेला बर्नर मात्र मी हाताच्या अंतरावरून एकदाही पाहिला नव्हता, आणि याची मला लाजही वाटत नव्हती.

मार्गदर्शकांनी एक दिवस विचारलं, "खरी मोजमापं कुठायत?" तेव्हा धावाधाव सुरू झाली. माझ्या मामांचे शाळासोबती मानसिंगमामा, त्यांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल रंगवायचा कारखाना. रंगाच्या टाक्यांना वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि त्यांचा बॉयलर तेलावर चालायचा. मानसिंगमामा म्हणाले, "ये की, कॅमेरा लाव, काय हवं ते कर. फक्त आमच्या अण्णाला विचारून कर. बॉयलर माझा असला तरी तिथं राज्य त्याचं आहे."

अण्णा म्हणजे चन्नवीर. वय छप्पन्न, अंगाने काटक, कपाळाला विभूती, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटा पाना. बॉयलर चालवायला सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते नसलेल्याने बॉयलर पेटवला तर तो गुन्हा आहे. चन्नवीरअण्णांचं प्रमाणपत्र बॉयलरघराच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं होतं. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातला हा माणूस कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. एकोणिसाव्या वर्षी सोलापुरात येऊन मिलमध्ये बॉयलरला कोळसा मारायला लागला. मिल बंद पडली. मग मराठीतून परीक्षा द्यायची म्हणून मराठी लिहायला शिकला, दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला. त्यांच्या बायकोने, पार्वतम्मांनी, निकालाच्या दिवशी गल्लीत पेढे नाही, होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, वाटल्या होत्या, असं ते सांगायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी आल्यावर ते आधी बॉयलरला हात लावून नमस्कार करायचे आणि मग फ्रेमची काच जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचे. मला ते थोडं हास्यास्पद वाटायचं. माझ्या खोलीत तेव्हा माझ्याच पदवीच्या तीन फ्रेमा होत्या.

पहिल्याच दिवशी मी टेबलावर लॅपटॉप उघडला, तर म्हणाले, "सर, ते ऱ्हाऊ द्या. आदी हितं बगा." बॉयलरच्या तोंडाला निळ्या काचेचं भोक असतं, आतला जाळ बघायला. मी डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"ज्वाळ," मी म्हणालो.

"ज्वाळ काय, आंधळ्याला बी दिसती. तिचं मूळ कुटं हाय?"

मी पुन्हा पाहिलं. नोझलच्या पुढे तीन-चार बोटं रिकामी जागा होती, आणि मग जाळ सुरू होत होता. अण्णा म्हणाले, "त्या रिकाम्या जागेत सगळा ख्योळ हाय. तितं त्येल अजून त्येलच असतंय. थेंब जळत न्हाय सर, थेंबाची वाफ जळती. वाफ व्हायला येळ पायजे, आणि तवर ज्वाळेला कुटंतरी पाय टेकायला जागा पायजे. न्हायतर वारं तिला घिऊन जातंय."

मग त्यांनी मला विचारलं, रास उफणताना पाहिलंय का. मी नव्हतं पाहिलं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी.

"वारं कमी असलं की भूस दाण्यातच पडतंय," ते म्हणाले. "बेताचं असलं की भूस लांब, दाणा पायाशी. आणि वारं येडं झालं, गिरक्या घ्याय लागलं, की दाणा बी कुटं पडंल सांगता येत न्हाय. आमचा बाप म्हणायचा, आता सूप खाली ठेव. त्येल बी तसंच हाय की. बारका थेंब वाऱ्यासंगं फिरतो. मोठा सरळ जातो नि भितीवर आपटतो. मधला हाय न्हवं, त्यो लई खोडीचा. भोवऱ्यात शिरतो, भोवरा त्याला भाईर फेकतो. असं फेकलेलं समदं येका जागी गर्दी करत्यात. तितं त्येलच त्येल, बाजूला नुसतं वारं. बगा, जाळात ते काळं पट्टं दिसत्यात का? ती गर्दी."

काळे पट्टे दिसत होते. ही गर्दी मी मोठमोठ्या शोधनिबंधांतून, समीकरणांच्या जंजाळातून वाचली होती. घुसळलेल्या हवेत ठराविक आकाराचे थेंब भोवऱ्यांतून बाहेर पडून मधल्या जागांत गोळा होतात, हे दाखवायला लोकांनी लेझर लावले होते. इथे एका माणसाने ते निळ्या काचेतून बघून ठेवलं होतं, आणि त्याला वाटत होतं की हे सगळ्यांनाच माहीत असणार. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. खरं सांगायचं तर आधी राग आला, आणि मग मी वही काढून सगळं उतरवून घेतलं.

पुढचं वर्षभर मी आठवड्यातून तीन दिवस तिथे जायचो. बॉयलरघरात आणखी एक माणूस असायचं, सोनाबाई. सांगोल्याकडची. तिकडे टँकरच्या पाण्यावर शेळ्या जगवून कंटाळली आणि लेकीकडे सोलापुरात आली. बॉयलरच्या नळ्यांतली काजळी काढायची, फरशी झाडायची, पाणी मऊ करायच्या टाकीपाशी मिठाची पोती न्यायची. अण्णांनी तिलाही शिकवून ठेवलं होतं. धुराड्याकडे बघून ती सांगायची, "अण्णा, काळं निगतंय." काळा धूर म्हणजे थेंब नीट जळले नाहीत. पांढरा धूर म्हणजे तेल जळलंच नाही, नुसतं वाफ होऊन चाललंय. "काळा धूर मालकाला खातो, पांढरा माणसाला खातो," हे अण्णांचं वाक्य सोनाबाईला तोंडपाठ होतं. मला ते गावठी वाटलं. वहीत मी ते लिहिलं नाही.

त्या वर्षात मी मानसिंगमामांना एक सल्ला दिला. पंखा मोठा घ्या. हवा जोरात आली की घुसळण वाढेल, थेंब बारीक फुटतील, वाफ लवकर होईल, तेल वाचेल. पुस्तकात तसंच आहे, आणि ते खोटं नाही. मामांनी पंखा आणला. पहिल्या दिवशी ज्वाळ नोझलपासून सुटली आणि तीनदा विझली. सुरक्षेसाठी एक विजेचा डोळा असतो. ज्वाळ दिसेनाशी झाली की तो तेल बंद करतो. त्याने तीनदा टकटक करून तेल बंद केलं. मामा माझ्याकडे बघायला लागले. मी कागद चाळायला लागलो.

"फुकणीनं चूल पेटती, फुकरीनं दिवा विझतो, एवढंच हाय सर," इतकं अण्णा म्हणाले आणि कामाला लागले. चार दिवस ते जेवणाच्या सुट्टीत कानस घेऊन बसत. नोझलभोवती एक पोलादी चकती असते, तिला पात्या असतात, त्यांच्यामुळे हवा गिरकी घेते आणि गिरकीच्या पोटात एक शांत जागा तयार होते. ज्वाळ तिथे पाय टेकते. अण्णांनी नवी चकती कापली, आठ पात्या, आणि प्रत्येक पाती हाताने, डोळ्याने, थोडी थोडी वाकवली. ती बसवल्यावर मोठ्या पंख्याच्या वाऱ्यातही ज्वाळ नोझलला चिकटून उभी राहिली. काळे पट्टे जवळजवळ गेले. तेल खरंच वाचलं. मामांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

माझी मोजमापं त्या चकतीमुळे झाली. प्रबंधात तिचा उल्लेख आहे: सुधारित आवर्तक. कोणी सुधारला ते लिहिलेलं नाही.

एकच आलेख राहिला होता. हवा वाढवत वाढवत न्यायची, इतकी की घुसळण ज्वाळेला तोडते, आणि तुटण्याच्या त्या क्षणी थेंब कसे पसरलेले असतात त्याचे फोटो घ्यायचे. मार्गदर्शक म्हणाले होते, हा आलेख आला तर प्रबंधाला वजन येईल. मी अण्णांना विचारलं.

"ज्वाळ तोडून बगायची? कशापायी?"

"विज्ञानासाठी, अण्णा."

"आणि तुटल्यावर आत त्येल साटंल त्याचं काय? सोनाबाई तितंच झाडती सर. बेड," ते कानडीत म्हणाले. "नको. दुसरं काय बी सांगा, हे न्हाय करायचं."

त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत. मी मात्र मनात धरून बसलो. मला नाही म्हणायला हा कोण, असं वाटायचं. सातवी पास माणूस माझा प्रबंध अडवून बसलाय, हे मी घरी मोठ्याने बोलूनही दाखवलं होतं.

मग खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. सोलापुरात त्या दिवशी माग थांबतात, रिक्षांना झेंडूचे हार पडतात, आणि पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हात लावत नाही. मी सकाळी दहाला पोचलो तेव्हा अण्णा पूजा उरकून निघत होते. हजेरीपुस्तकात सही केलेली होती. थाळीत पाने, कानस, पक्कड, सगळं झेंडूखाली झाकलेलं. बॉयलरच्या बटणावर हळदीकुंकू आणि दोऱ्याने बांधलेलं आंब्याचं पान. ते म्हणाले, "उंद्या सकाळी मी येतो नि पेटवतो. तवर हात न्हाय लावायचा." मी मान हलवली.

थाळीत झेंडूखाली ती चकतीही होती, हे मला माहीत नव्हतं. ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायची गरज आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. वर्षभर जे राबलं ते त्या दिवशी पाटावर बसणार, हे त्यांच्यासाठी उघड होतं. बर्नर उघडून त्यांनी चकती काढली, घासली, पूजेला ठेवली, धूळ जाऊ नये म्हणून बर्नर परत बंद केला. बॉयलरची नोंदवही असते, त्यात प्रत्येक खोलजोड लिहायची असते. ही त्यांनी लिहिली नाही. देवाचं कुणी नोंदवहीत लिहितं का? पूजा झालेल्या यंत्राला कोणी हात लावेल, ही शक्यताच त्यांनी धरली नव्हती. एवढीच त्यांची चूक. एवढीच.

मी मामांना फोन केला. म्हटलं, आज कोणी नाही, अर्धा तास बॉयलर चालवू का? मामा देवदर्शनाला निघाले होते. म्हणाले, "अण्णा आहे ना?" मी म्हणालो, "आहेत."

मी पान तोडलं, कुंकू रुमालाने पुसलं. विजेचा डोळा मधेच तेल बंद करून आलेख बिघडवेल म्हणून एका वायरच्या तुकड्याने परस्पर जोड देऊन तो निकामी केला. मग पेटवलं. हवा कमी होती तोवर ज्वाळ टिकली. नेहमीपेक्षा लांब आणि बारीक होती, ते मला दिसलं, पण मला वाटलं काच धुरकटलीय. अर्ध्या तासात आतल्या विटा लाल झाल्या. मी हवा टप्प्याटप्प्याने वाढवत होतो. चकती असताना ज्या वाऱ्याला ज्वाळ ढिम्म हलायची नाही, त्याच्या निम्म्या वाऱ्याला ती तुटली. आत नुसता विटांचा लाल उजेड उरला. तेल उडतच होतं. माझा कॅमेरा धडाधड फोटो घेत होता आणि मी, काय सांगू, मी खूश होतो. इतके स्पष्ट थेंब मी कधी पाहिले नव्हते.

सोनाबाई त्या दिवशी येणार नव्हती. सुट्टीच्या दिवशी नळ्या साफ केल्या की तिला दुसऱ्या दिवशी सणाला लवकर सुटता यायचं, म्हणून आली होती. ती बाहेर अंगणात होती. तिने ओरडून सांगितलं, "सर, धुराड्यातनं पांढरं निगतंय!"

"वाफ आहे, सोनाबाई," मी म्हणालो. "तुम्ही तुमचं काम करा."

तिला वाटलं, सरांना नीट ऐकू गेलं नाही. पंख्याचा आवाज मोठा होता. म्हणून ती आत आली, अगदी बॉयलरच्या तोंडासमोरून, हातातला झाडू तसाच, मला जवळून सांगायला. "सर, पांढरं हाय ते, अण्णा म्हणत्यात..." एवढंच बोलली. आत साठलेल्या तेलाच्या वाफेला लाल विटांनी पेट दिला आणि बॉयलरचं पुढचं दार उडालं.

मी खांबामागे कॅमेऱ्यापाशी होतो. माझ्या कानात आठवडाभर शिट्टी वाजत होती. सोनाबाईचा उजवा हात आणि गालाची एक बाजू जळाली. हात पुढे वाचला, बोटं वळेनाशी झाली.

पुढची गोष्ट मी पटकन सांगतो, कारण ती केलीही मी पटकनच. लोक धावत यायच्या आधी मी तो वायरचा तुकडा काढून खिशात घातला. सोनाबाई फरशीवर कण्हत होती आणि मी आधी वायर काढली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

चौकशी झाली. खात्याचे साहेब आले, त्यांनी जे कागद पाहिले त्यावरून निष्कर्ष काढला, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हजेरीपुस्तकात चन्नवीर हत्तुरे यांची सही. बर्नरची चकती जागेवर नाही, ती पूजेच्या थाळीत. नोंदवहीत नोंद नाही. प्रमाणपत्र असलेला माणूस तोच. मामांनी सांगितलं, बॉयलर अण्णाच पेटवतो, दुसरं कोण पेटवणार? त्यांनाही आपला कारखाना वाचवायचा होता. माझ्या डोळ्यांत त्यांनी एकदाच पाहिलं आणि मान वळवली.

अण्णांनी जबाबात सगळं खरं सांगितलं. चकती मी काढली. नोंद मी केली नाही, ती माझी चूक. पेटवलं मी न्हाय. मी घरी होतो, पार्वतम्माला विचारा. बायकोची साक्ष कोण धरणार!

सोनाबाईनेही दवाखान्यातून सांगितलं. अर्धं तोंड पट्टीत, तरी स्पष्ट सांगितलं: सरांनी लावलं, मी पांढरं निगतंय म्हणून सांगायला गेले. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही या विषयातले तज्ज्ञ, तुमचं म्हणणं काय? मी म्हणालो, "त्या बाई धक्क्यात आहेत. अशा प्रसंगी माणसाला आधीचं नंतरचं उमगत नाही." हे मी अगदी हळुवारपणे म्हणालो. साहेबांनी माझ्याबद्दल आदराने मान डोलावली.

पेटवणारा मी होतो असं म्हटलं असतं, तर विनापरवाना बॉयलर चालवला म्हणून गुन्हा, सुरक्षेचा डोळा काढला म्हणून दुसरा, आणि प्रबंध, नोकरी सगळं त्यातच. माझ्यापुढे हा हिशेब स्पष्ट होता. मी घाबरलो, असं म्हणून सुटता आलं असतं. पण घाबरलेला माणूस चुकतो, मी तर एकही शब्द चुकलो नाही.

अण्णांचं प्रमाणपत्र रद्द झालं. भिंतीवरची फ्रेम त्यांनी स्वतः उतरवली आणि कागद जमा केला. फ्रेम परत घरी नेली म्हणे, रिकामी. निवृत्तीला दोन वर्षं होती. पुढे ते एका खानावळीत डिझेलची भट्टी सांभाळायला लागले. तिथे प्रमाणपत्र लागत नाही.

माझा प्रबंध मान्य झाला. तो आलेख प्रबंधातला सर्वांत चांगला आलेख ठरला. परीक्षकांनी विचारलं, ज्वाळ तुटण्याच्या क्षणाचे इतके स्वच्छ फोटो कसे मिळाले? मी म्हणालो, "नशिबाने." ते हसले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अण्णा माझ्या घरी आले. दुपारी, टळटळीत उन्हात, पायी. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले. त्यांनी फेरविचाराचा अर्ज केला होता. प्रमाणपत्र परत मिळून आता फार उपयोग नव्हता, वय झालं होतं. मी तसं म्हणालोही.

"नोकरीसाटी न्हाय सर," ते म्हणाले. "माज्यामुळं येक बाई जळली, असं कागदावर लिवलंय. त्येवढं पुसायचंय. तुमी फक्त येक ओळ द्या. त्या टायमाला चन्नवीर तितं नव्हता, येवढीच. कोण हुता ते लिवू नका. कोण हुता, ते मी इचारत न्हाय."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. मला काहीच कबूल करायचं नव्हतं. मी म्हणालो, "बघतो, अण्णा." आणि दोन दिवसांनी कॉलेजच्या कागदावर त्यांना वर्तणुकीचा दाखला पाठवून दिला: श्री. हत्तुरे यांना मी ओळखतो, ते प्रामाणिक, कष्टाळू व आपल्या कामात निष्णात आहेत. खाली माझी सही, नावाआधी डॉक्टर. तो दाखला त्यांनी त्याच पाकिटातून परत पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती.

सुनावणी सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. साक्षीदार म्हणून मलाही बोलावणं होतं. अण्णा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. सोनाबाई सांगोल्याला परत गेली होती. तिच्या जुन्या जबाबापुढे माझंच मत चिकटवलेलं होतं. अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, "अपघाताच्या वेळी अर्जदार बॉयलरघरात हजर होते का?"

नाही, हा दोन अक्षरांचा शब्द. मी तिथे जाताना रस्ताभर तो मनात म्हणत गेलो होतो, आणि त्या खुर्चीवर बसल्यावर माझ्या विभागप्रमुखपदाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, हे मला आठवलं.

"आता नक्की आठवत नाही, साहेब," मी म्हणालो.

खोलीत पंखा फिरत होता. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. अण्णांना विचारलं, तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? ते उठून उभे राहिले. मला वाटलं आता ते बोलतील, त्यांनी बोलावं, ओरडावं, माझं नाव घ्यावं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. सरांना काम लई असतंय. माणूस इसरतो."

अर्ज फेटाळला गेला. आम्ही दोघे एकदमच बाहेर पडलो. जिना अरुंद होता, दोन माणसं शेजारून उतरू शकत नव्हती. चन्नवीरअण्णा भिंतीला टेकून बाजूला झाले, आणि "या सर" म्हणून त्यांनी मला आधी वाट दिली.